पाटीवर आकडा आहे, नावं कुठं शोधायची?

प्रश्न: आमच्या गावच्या चावडीवर संगमरवराची इंग्रजी पाटी आहे. १९१४ ते १९१९च्या महायुद्धात गावातून किती जण गेले आणि त्यातले किती कामी आले, एवढंच तिच्यावर लिहिलंय. आमच्या माजी सैनिक संघटनेला त्यांच्या नावांचा फलक लावायचा आहे. नावं कशी मिळतील? (सातारा जिल्हा)

उत्तर: कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन, म्हणजे युद्धात गेलेल्या सैनिकांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणारी संस्था, तिच्या संकेतस्थळावर शोधा, पैसे लागत नाहीत. ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ या काळात सेवेत असताना वारलेले तिथं नोंदलेले आहेत, आजाराने गेलेलेसुद्धा.

आडनावापासून सुरुवात करू नका. पहिलं महायुद्ध आणि भारतीय सेना एवढं निवडा आणि जादा माहितीच्या रकान्यात गावाचं नाव घाला. पुष्कळ नोंदींत वडिलांचं नाव, गाव, तालुका, जिल्हा असतो. गाव लागलं नाही तर तालुका घालून सगळी यादी डोळ्यांखालून घाला, कारण कारकुनाने कानावर पडलं तसं लिहिलंय: जाधवांचे ‘जाधाओ’, पवारांचे ‘पोवार’. ‘मराठा’सुद्धा जुन्या स्पेलिंगने घाला, पहिल्या ‘ए’नंतर ‘एच’ आणि पुढे दोन ‘टी’. जिल्हेही तेव्हाचेच घ्यावे लागतात. सांगलीचा बराच भाग साताऱ्यात होता, सिंधुदुर्गाचा रत्नागिरीत, आणि रायगडचं नाव कुलाबा होतं.

पलटणींचे आकडे १९२२ साली बदलले, म्हणून शोधताना जुने घाला. महायुद्धात मराठ्यांच्या पलटणी १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७ या होत्या. पैकी १०३, ११० आणि ११७ इराकमधल्या कूट गावाला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात सापडल्या. २९ एप्रिल १९१६ला कूट पडलं, पण कैदेत माणसं त्यानंतरही मरत राहिली. म्हणून शोधताना तारीख तिथंच तोडू नका. नुसत्या मराठा पलटणी बघूनही भागत नाही. सॅपर्स (रस्ते, पूल, खंदक करणारे), १९१७ साली उभी राहिलेली १११ महार पलटण, खेचरांच्या तुकड्या, लेबर कोअर (मजुरांचं दल) हेही बघा. हमाल, भिस्ती, खेचरवाले हमखास राहून जातात आणि गावाचा आकडा जुळत नाही. तरीही एखादं नाव कमी पडलं तर आकडा भरण्यासाठी अंदाजाने कुणाचं नाव घालू नका. फलकावर जागा मोकळी ठेवा.

हे काम जरूर कराच. इराकमधल्या बसरा स्मारकावर भारतीय अधिकाऱ्यांची नावं कोरली, शिपायांचे मात्र नुसते आकडे. त्या शिपायांची नावं दगडावर यायची तर ती गावातच येणार.

प्रश्न: पाटीची अक्षरं पुसट झाली आहेत. ॲसिडने धुऊन काळा रंग भरावा का?

उत्तर: ॲसिड अजिबात नको. संगमरवर म्हणजे चुनखडीच, ॲसिडने तो विरघळतो आणि उथळ अक्षरं आधी जातात. तारेचा ब्रशही नको. साधं पाणी, मऊ नायलॉनचा ब्रश, खालून वर हलक्या हाताने. शेवाळ असेल तर आधी ओलं करून थोडा वेळ थांबा. वाचायची असेल तर रात्री बॅटरी पाटीला जवळजवळ टेकवून बाजूने उजेड टाका, कडांची सावली पडते आणि अक्षर उठून दिसतं. त्याच उजेडात फोटो काढून ठेवा. नवा फलक शेजारी लावा. जुन्या पाटीला भोक पाडू नका आणि तिच्या कडेला सिमेंट थापू नका. सिमेंटमधले क्षार ओलीबरोबर दगडात उतरतात आणि पापुद्रे सुटतात.

प्रश्न: अनावरणाला फलक तिरंग्याने झाकला तर चालेल का?

उत्तर: नाही. पुतळा किंवा स्मारक झाकायला राष्ट्रध्वज वापरायचा नाही, असं ध्वजसंहितेत स्पष्ट आहे. भगवं किंवा पांढरं साधं कापड घ्या, तिरंगा शेजारी खांबावर फडकवा. दिवस ११ नोव्हेंबर, म्हणजे पहिलं महायुद्ध थांबलं तो, ठेवलात तर सकाळी ११ वाजता दोन मिनिटं स्तब्धता पाळा. बिगुलवाला मिळाला तर आधी ‘लास्ट पोस्ट’ ही निरोपाची धून, मग स्तब्धता, मग ‘राउज’ ही जागं करण्याची धून. नावं वाचताना हुद्दा, नाव, वडिलांचं नाव, पलटण असा क्रम ठेवा आणि भाषणं त्यानंतर घ्या. आधी घेतली तर उन्हात उभे असलेले म्हातारे माजी सैनिक नावं येईपर्यंत थकून जातात.

१९४७ नंतर कामी आलेल्या सोबत्यांची नावं वेगळ्या यादीत ठेवा. ती दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकाच्या यादीशी ताडून घ्या, आणि वारसांना निमंत्रण जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत पाठवा.