गाडी चालवायला लागून वर्षच झालंय, ३० हजारात जुनी आरएक्स १०० किंवा यझदी बाइक घेऊन घरीच खटपट करता येईल का?

३० हजारात आरएक्स मिळेल रे, पण बहुतेक बिनकागदाची, नाहीतर इंजिन एकीचं आणि चासी (सांगाडा) दुसरीची. १९९६ ला बंद झालेली गाडी, पण चांगल्या पीसला लोक अजून लाखाच्या वर मागतात. यझदीचा मैसूरचा कारखाना पण त्याच साली थांबला, ओरिजिनल पार्टसाठी वणवण करायची हौस असेल तरच तिच्या वाटेला जा.

मला विचारशील तर हिरो होंडा सीडी १०० बघ. १९८५ ला आली, फोर स्ट्रोक, ९७.२ सीसी. आरएक्स-यझदीच्या टू स्ट्रोक इंजिनाचा तो आवाज नाही, मान्य, पण त्याच खानदानाचं इंजिन पुढे स्प्लेंडरला आलं त्यामुळे तालुक्याच्या मेकॅनिकलाही ते तोंडपाठ असतं आणि शिकताना कुठे अडलास तर विचारायला माणूस मिळतो, हे फार महत्त्वाचं आहे.

इंजिनाच्या आधी कागद बघ. आरसीवर (नोंदणीच्या कागदावर) ज्याचं नाव आहे तोच माणूस सही करायला समोर पाहिजे (फॉर्म २९ आणि ३०), मालक वारला असेल तर वारसांकडून फॉर्म ३१ लागतो आणि तिथे भावाभावांत भांडण असेल तर नाद सोड. १५ वर्षं कधीच उलटलेली असणार, म्हणजे आरटीओत परत पासिंग (नोंदणीचं नूतनीकरण), ते ५ वर्षांचं मिळतं, वर पर्यावरण कर, तो खर्च भावातून वजा करून बोल. चासी नंबरवर ग्राइंडर फिरल्यासारखा दिसला तर चहा पिऊन घरी ये.

घरी आणल्यावर लगेच इंजिन खोलू नको. आधी ब्रेकचे लायनर, केबल, टायर. दोन्हीकडे ड्रम ब्रेक आहेत, डिस्कची सवय असेल तर सुरुवातीला पुढच्या गाडीपासून जरा जास्तच अंतर ठेव. मग कार्बोरेटर. उभ्या गाडीत पेट्रोल सुकून पायलट जेट (त्यातली पेट्रोल सोडणारी बारीक भोकाची पितळी नळी) चोक होतो, त्यात तार घालू नको, पितळेचं भोक मोठं झालं की हवा-पेट्रोलचं मिक्श्चर कधीच बसत नाही, क्लीनर मार आणि पंक्चरवाल्याकडून हवा मारून घे. आताच्या इथेनॉलवाल्या पेट्रोलात जुनी रबरं फुगतात, तेव्हा पेट्रोलचा पाइप आणि वॉशर नवीनच टाक, आणि बरेच दिवस उभी ठेवणार असशील तर कार्बोरेटर रिकामा कर. इंजिन कव्हरचे स्क्रू साध्या स्क्रूड्रायव्हरने गोल होतात, इम्पॅक्ट ड्रायव्हर (हातोडीने ठोकून फिरवायचा) घेऊन ठेव, जास्त महाग नसतो. खोलताना प्रत्येक स्टेपला मोबाइलवर फोटो. लेथचं काम निघालं आणि तू कोल्हापूरच्या आसपास असशील तर वर्कशॉपवाल्यांचं शिवाजी उद्यमनगर आहेच.

आणि बघायला जायच्या आधी मालकाला फोन करून सांग की गाडी चालू करून ठेवू नका, गरम इंजिन सहज चालू होतं आणि खोट झाकली जाते. गेल्यावर पहिला हात इंजिनाला लाव, गरम लागलं तर गार होईपर्यंत तिथेच थांब, मग स्वतः किक मार.