घरच्या जुन्या व्हीएचएस कॅसेट डिजिटल करताना कोणता फॉरमॅट निवडावा?

स्टुडिओवाला एमपी४ देतो म्हणतोय आणि तुम्ही विचारताय की त्यापेक्षा एव्हीआय घेऊ का. जपायची प्रत एफएफव्ही१ मध्ये घ्या (चित्रातलं काहीही न टाकता व्हिडिओ साठवणारा कोडेक, म्हणजे साठवण्याची पद्धत), एमकेव्ही फाइल, आवाज पीसीएम, म्हणजे न दाबलेला. त्यावरून बघायला हवे तेवढे एमपी४ काढता येतात. एमपी४ करताना जे गेलं ते मात्र परत येत नाही.

आमच्याकडे १९९४ सालच्या चुलतबहिणीच्या लग्नाची कॅसेट होती. कुडाळच्या घरी घाणा भरताना आजीने ओव्या म्हटल्या होत्या आणि तिचा आवाज दुसरीकडे कुठेही नाही. दादाने ती परस्पर एका स्टुडिओत दिली. त्यांनी ती आणि आणखी एक, अशा तीन-तीन तासांच्या दोन कॅसेट एका ४.७ जीबीच्या डीव्हीडीत कोंबल्या. अंगणात कोणी जरा हललं की चौकोनच चौकोन. ४:३ चं चित्र ताणून १६:९ केलेलं, त्यामुळे नवरीसकट सगळे बुटके आणि रुंद. आणि ओव्यांवर सनई चढवली! मूळ आवाज खरखरीत होता म्हणे. दादाचं म्हणणं, "डीव्हीडी झाली ना, मग ते डबडं कशाला?" मी माहेरी पोहोचेपर्यंत कॅसेट भंगारात गेली होती.

पुढे बेळगावच्या आत्याकडे तिची कॉपी निघाली. कॅसेटवरून काढलेली कॅसेट, रंग आधीच पसरलेले. ती मी कुणाच्या हाती दिली नाही. व्हीसीआर मिळवून घरीच ७२०×५७६ पिक्सेलमध्ये, इंटरलेस (एकाआड एक ओळींची दोन अर्धी चित्रं मिळून एक फ्रेम) तसाच ठेवून कॅप्चर केली. खरखर आहेच, पण तिच्यातून आजी स्वच्छ ऐकू येते, दोन ओव्यांमध्ये घेतलेला श्वाससुद्धा. दादा अजून म्हणतो की फरक कळत नाही. डीव्हीडीत आजी ऐकूच येत नाही, आणखी कोणता फरक हवाय त्याला?

जागेचं रडगाणं ऐकू नका. एफएफव्ही१ तासाला साधारण २५-३० जीबी घेतो, म्हणजे ४ टीबीच्या डिस्कवर शंभराहून जास्त तास मावतात. डिस्क दोन घ्या, दुसरी दुसऱ्या घरी ठेवा. हा कोडेक खुला आहे, २०२१ मध्ये आरएफसी ९०४३ या जाहीर तांत्रिक दस्तऐवजात त्याचा पूर्ण तपशील प्रसिद्ध झालाय, त्यामुळे तो एखाद्या कंपनीच्या मर्जीवर चालत नाही.

नातेवाइकांना पाठवायचा एमपी४ एच.२६४ या नेहमीच्या कोडेकमध्ये करा. इंटरलेस काढताना सेकंदाला ५० फ्रेम ठेवा. २५ केल्या की निम्मी हालचाल जाते आणि नाचणारी माणसं अडखळतात. ४के करून देतो म्हणणाऱ्याला एक पैसा देऊ नका, व्हीएचएसमध्ये आडवा तपशील जेमतेम २४० रेषांचा असतो.

हे सगळं व्हीएचएसपुरतं. मिनीडीव्ही, म्हणजे कॅमकॉर्डरची छोटी डिजिटल कॅसेट असेल तर फायरवायर केबलने डीव्ही फाइल जशीच्या तशी उतरवा, तासाला १३ जीबी, एफएफव्ही१ ची गरज नाही. आणि कॅसेटच्या खिडकीतून पांढरी बुरशी दिसली, कोकणात दिसतेच, तर व्हीसीआरमध्ये घालू नका. आधी साफ करून घ्या, नाहीतर टेप वाचणाऱ्या हेडमार्फत पुढच्या कॅसेटलाही लागेल.

काम लवकर करा, कारण व्हीसीआर बनवणारी शेवटची कंपनी फुनाई, तिनेही २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं. फाइल झाल्यावर कॅसेट मोजून परत घ्या आणि घरातला कोणीही दादा "आता टाकून द्या" म्हणाला तरी देऊ नका.