आकाशकंदील करण्यात शाळेचा अभ्यास कुठे येतो?

पाचवी-सहावीच्या मुलांना कंदील करायला लावणं म्हणजे वेळ वाया घालवणं नाही. 6 चौरस आणि 8 समभुज त्रिकोणांचा कंदील घ्या. काड्या किती लागतील, हे आधी मुलांनाच काढू द्या. बरीच मुलं 6×4 आणि 8×3 मिळवून 48 सांगतील. मग प्रत्येक काडी दोन आकारांना सामाईक आहे हे हातात धरल्यावर दिसतं, आणि उत्तर 24 येतं. हे फळ्यावर समजावणं फार अवघड!

विज्ञान तर आत दिवा लावतानाच सुरू होतं. 3 व्होल्टच्या बटण-सेलला एलईडीचा लांब पाय धन बाजूला लावला तरच तो पेटतो. त्याच सेलवर लाल आणि निळा एकत्र जोडून बघा: लाल लख्ख पेटतो, निळा मंद किंवा बंदच. लालला साधारण 2 व्होल्ट पुरतात, निळ्याला 3च्या आसपास लागतात. (हा सेल लहान भावंडांच्या हाती अजिबात देऊ नका, गिळला तर जिवावर बेततं.)

मराठीसाठी कृती लिहायला सांगा, आणि ती वाचून दुसऱ्या गटाला कंदील करू द्या. कुठली पायरी राहिली ते लगेच कळतं.