इतवारीचं दुकान आणि बारा हजारांची कमाई

प्रश्न : वकीलबाई, माझ्या नवऱ्याचं इतवारीत धान्याचं ठोक दुकान आहे. मी मुलीला घेऊन मानेवाड्याला माहेरी राहते, घरी ब्लाऊज शिवते. पोटगीचा अर्ज टाकून वर्ष होत आलं. ते कोर्टात सांगून राहिले, की दुकान भावाचं आहे, मी तिथं बारा हजारांवर नोकर आहे. मालमत्तेचं शपथपत्र द्यायला सारखी मुदत मागतात. माझे फोन गुपचूप रेकॉर्ड केलेत, तेही दाखवीन म्हणतात. मी काय करू?
— एक वाचक, मानेवाडा

उत्तर : ताई, बायकोने पोटगी मागितली की भल्याभल्यांची दुकानं भावाच्या नावावर होतात. न्यायाधीशांना हे नवं नाही.

तुमच्या उपयोगाचा निकाल आपल्याच गावातून वर गेलेला आहे. नागपूरच्या कुटुंब न्यायालयाने ऑगस्ट 2015 मध्ये एका पत्नीला दरमहा 15,000 रुपये अंतरिम (अंतिम निकाल लागेपर्यंतची) पोटगी दिली, मुलाला वेगळी. नवरा उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात हरला, मग दिल्लीला सर्वोच्च न्यायालयात गेला. 4 नोव्हेंबर 2020 रोजी न्या. इंदू मल्होत्रा आणि न्या. सुभाष रेड्डी यांनी पोटगी कायम ठेवली, आणि देशभरच्या कोर्टांना नियमही घालून दिले. त्या बाईची पोटगी 2013 पासूनची होती. नाव अंतरिम, अन्‌ निकाल लागेस्तोवर सात वर्षं!

या निकालानुसार दोन्ही बाजूंनी उत्पन्न, बँक खाती, घर-जमीन, गाडी, कर्ज सगळं शपथेवर लिहून द्यायचं असतं. त्यासाठी दोनपेक्षा जास्त संधी देऊ नयेत, असं सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय. मुद्दाम टाळाटाळ दिसली तर कोर्ट नवऱ्याचा बचावच काढून टाकू शकतं. किती वेळा मुदत मागितली ते रोजनाम्यातून (कोर्टाच्या दर तारखेच्या नोंदीतून) काढा आणि तसा अर्ज द्या. शपथपत्र आलं, पण खोटं वाटलं, तर परवानगी घेऊन लेखी प्रश्न विचारता येतात, कागद हजर करायला लावता येतात. मी तुमच्या जागी असते तर आधी दुकानाची जीएसटी नोंदणी, भाडेकरार आणि यूपीआयचा क्यूआर कोड कोणाच्या खात्याला जोडलाय, एवढंच विचारलं असतं. बारा हजारांच्या नोकराच्या खात्यात गिऱ्हाइकांचे पैसे कसे येतात, हे त्यांनाच सांगू द्या.

शिवणकामाचे पैसे मात्र तुम्हीही लिहा. चार ब्लाऊज शिवले म्हणून पोटगी जात नाही. लपवलेलं उघड झालं की सगळ्या कागदांवरचा भरवसा जातो. आणि उशिराची धास्ती घेऊ नका, रक्कम अर्जाच्या तारखेपासूनच धरायची, असं त्याच निकालात आहे. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 144 खाली (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं 125) अर्ज असेल तर अंतरिम अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो 60 दिवसांत निकाली काढायचा असतो. हे ‘शक्यतो’ फार ताणलं जातं, म्हणून दर तारखेला आठवण द्यावी लागते.

आता रेकॉर्डिंग. 14 जुलै 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. नागरत्ना आणि न्या. शर्मा यांच्या खंडपीठाने घटस्फोटाच्या एका प्रकरणात नवऱ्याने चोरून केलेलं रेकॉर्डिंग पुराव्यात घ्यायला मुभा दिली. मला तो निकाल पचायला जड गेला, पण कायदा आज तो आहे. पुराव्यात घेणं म्हणजे खरं मानणं नव्हे. आवाज कोणाचा, मधलं काही कापलंय का, वादाशी संबंध काय, हे तपासलं जातं. साक्ष अधिनियमाच्या (पुराव्याच्या नव्या कायद्याच्या) कलम 63 चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं प्रमाणपत्रही लागतं. पोटगीचा हिशेब तर कमाई आणि गरजेवर होतो, रागाच्या भरात फोनवर काय बोललात त्यावर नाही. त्यांनी तुकडा वाजवला तर अख्खा कॉल मागा. तुमचा जुना फोन विकू नका, त्यातलं काही पुसूही नका.