कवटीचे चित्र आणि न कळलेला विनोद

“ऑफिसच्या ग्रुपवर इंग्रजी मीम येतात, सगळे हसतात आणि मला त्यातलं काहीच कळत नाही. माझं इंग्रजी इतकं कच्चं आहे का?” ही तक्रार वेगवेगळ्या शब्दांत माझ्याकडे अनेकदा येते. तिला उत्तर म्हणून एक अनुभव सांगते. संबंधित मुलीची परवानगी घेतली आहे आणि तिची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी मराठी माध्यमातून शिकलेली चोवीस वर्षांची ही मुलगी पुण्यात नोकरीला लागून आठ महिने झाले होते. बसमध्ये डब्याचे झाकण उघडून आमटी शेजारच्या काकूंच्या पिशवीत कशी सांडली, हा प्रसंग तिने एकदा मोठ्या धीराने ग्रुपवर लिहिला. त्यावर एका सहकाऱ्याने ‘आय ॲम डेड’ असे लिहून पुढे कवटीचे चित्र टाकले आणि पाठोपाठ आणखी दोघांनी नुसत्या कवट्या पाठवल्या. आपण काहीतरी अशुभ किंवा अगदीच गावंढळ लिहिले, असे समजून ती रात्रभर झोपली नाही. त्यानंतर तिने ग्रुपवर स्वतःहून काही लिहिणे सोडले. मात्र कोणताही विनोद आला की, तो कळो न कळो, हसणारा चेहरा लगेच पाठवायचा, हे तिने कटाक्षाने पाळले. तिला खरे थकवले होते ते या खोट्या हसण्याने.

“मॅडम, बारा वर्षं इंग्रजी शिकले, तरी ही गत,” असे ती पहिल्याच भेटीत म्हणाली. तिचे म्हणणे खोटे नव्हते. राज्यातल्या मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवले जाते, त्यामुळे तिच्या पिढीच्या वाट्याला हा विषय लहानपणीच आला. परंतु त्यातला बराच वेळ काळ ओळखणे, प्रयोग बदलणे आणि अर्ज लिहिणे यांत गेला आणि दोन मित्र एकमेकांची चेष्टा करताना कसे बोलतात, हे तिच्या कानांवर फारसे पडलेच नाही. जे ऐकलेच नाही ते न कळणे ही कमतरता असली, तरी ती बुद्धीची खचितच नव्हे.

मी तिला विचारले, “तुमच्या गावी एखादी मैत्रीण फार हसली, तर काय म्हणते?” ती सहज बोलून गेली, “हसून हसून मेले गं!” आणि बोलता बोलता थांबली. कवटीचा अर्थ तिचा तिलाच सापडला होता. इतके दिवस जो अपमान म्हणून उराशी बाळगला, ती दाद होती. त्या क्षणी तिच्या डोळ्यांत पाणी आले, आणि मीही थोडा वेळ काही बोलले नाही.

तोवर ती महागड्या संभाषणवर्गाचे पैसे भरायच्या बेतात होती. वर्ग वाईट असतात असे माझे मत नाही, पण तिची अडचण आधी भीतीची होती आणि नंतर शब्दांची. मन धास्तावलेले असेल तर कानांवर पडलेली भाषा आत झिरपत नाही, अशी भावनिक गाळणीची कल्पना स्टीफन क्रॅशन या अमेरिकी भाषाशास्त्रज्ञाने १९८०च्या दशकात ठळकपणे मांडली. या कल्पनेच्या तपशिलांवर अभ्यासकांत वाद आहेत, तरी माझ्यासमोर बसणाऱ्या माणसांत मला ती वारंवार खरी ठरताना दिसते. म्हणून आम्ही ज्या गोष्टीची धास्ती होती तिलाच अभ्यासाचे साहित्य केले. तिने रोज एकच मीम निवडायचे आणि वहीत तीन गोष्टी लिहायच्या, एवढेच ठरले: हे कोण कोणाला म्हणत आहे, नेमके काय घडल्यावर म्हणत आहे, आणि अशा वेळी आपल्या घरी कोणते वाक्य तोंडात येईल. शब्दशः भाषांतर करायचे नाही, हा एकच कडक नियम होता.

ती वही मी अजूनही आठवते. ‘माय बॅड’च्या पुढे ‘चुकलं माझं’, ‘नॉट गॉना लाय’च्या पुढे ‘खरं सांगू का’, ‘इट इज व्हॉट इट इज’च्या पुढे ‘चालायचंच’. ‘दॅट एस्केलेटेड क्विकली’साठी तिने दोन दिवस विचार केला आणि ‘बघता बघता प्रकरण हातघाईवर आलं’ असे लिहिले. मीमचे सामर्थ्य इथेच आहे, कारण चित्रातला चेहरा, प्रसंग आणि वाक्य एकत्र समोर येतात, आणि कोशात कोरडा वाटणारा वाक्प्रयोग प्रसंगाला चिकटून लक्षात राहतो.

चुका झाल्याच. एका वरिष्ठांना पाठवायच्या ईमेलमध्ये तिने ‘माय बॅड’ लिहिले आणि त्यांनी तिला नीट लिहिण्याची समज दिली. ती पुन्हा कोमेजली. पण गावच्या सरपंचांपुढे आपण ‘चुकलं गं माझं’ म्हणणार नाही, एवढे लक्षात येताच तिने वहीत चौथा रकाना आखला, ‘कोणाला म्हणायचे नाही’. तो रकाना मी तिला सुरुवातीलाच सुचवायला हवा होता, असे मला प्रामाणिकपणे वाटते. ईमेलसाठी ‘आय अपॉलजाइज’, मित्रांसाठी ‘माय बॅड’, असा भेद तिने स्वतःच मांडला.

दुसरी सावधगिरी शब्दांच्या आयुष्याची. ‘एलओएल’ या मोठ्याने हसण्याच्या लघुरूपाला २०११ मध्ये ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात जागा मिळाली आणि ते टिकले, ‘करिझ्मा’वरून आलेला ‘रिझ’, म्हणजे समोरच्याला भुरळ घालण्याची हातोटी, हा शब्द २०२३ मध्ये ऑक्सफर्डने वर्षाचा शब्द ठरवला, तरी तो ओळखीपुरता ठेवावा, बोलण्यात रुजवण्याची घाई करू नये, असे मी तिला सांगितले. ‘नो कॅप’ (खोटं नाही सांगत), ‘स्ले’ (अगदी झकास करणे) यांसारखे प्रयोग अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय समाजाच्या बोलीतून आले आहेत, आणि शब्द कोणाच्या घरातून आला हे ठाऊक असले की तो जपून वापरला जातो. एखाद्याच्या तुटक्या इंग्रजीची टिंगल करणारी मीम मात्र मी तिला सरळ वगळायला लावली. त्यातून भाषा कमी आणि न्यूनगंडच जास्त मिळतो.

खोटे हसणे सोडणे सर्वांत जड गेले. सहाव्या आठवड्यात तिने न कळलेल्या एका चित्राखाली ‘डिडन्ट गेट धिस वन’, म्हणजे ‘हे काही कळलं नाही’, असे लिहिले. पाठवणाऱ्याने दोन ओळींत अर्थ सांगितला, आणि कोणी काही वावगे बोलले नाही.

मीटिंगमध्ये बोलताना तिचा आवाज अजून कापतो. त्यावर आमचे काम वेगळे चालू आहे, कारण मीम वाचून उच्चार आणि बोलण्याचा सराव होत नाही. गेल्या भेटीत तिने सांगितले की, लखनौच्या एका सहकारी मुलीने तिला ‘वाट लागली’ म्हणजे काय, कोणता रस्ता लागला, असे विचारले. तिने भाषांतर केले नाही. कोण कोणाला म्हणते, काय घडल्यावर म्हणते आणि साहेबांसमोर का म्हणायचे नाही, हे तिने त्या मुलीला इंग्रजीतून समजावले; त्यात जेवणाची अर्धी सुट्टी गेली.