अननेस्ट लावलं आणि सभासद गायब

प्रश्न: आमच्या वाचनालयाची सभासद-नोंद पोस्टग्रेस या डेटाबेसवर आहे. प्रत्येकाचे फोन एका अ‍ॅरेत (एकाच रकान्यातली यादी), ईमेल दुसऱ्यात. सिलेक्टमध्ये (काय दाखवायचं ते सांगणाऱ्या भागात) नावापुढे अननेस्ट(फोन), म्हणजे यादी उलगडून दर नंबरची वेगळी ओळ करणारं फंक्शन, लिहिलं की काही सभासद यादीत येतच नाहीत; एररही येत नाही. शिवाय फोन आणि ईमेल एकदम उलगडले, तर पोस्टग्रेसच्या जुन्या 9.6 व्हर्जनवर एका सभासदाच्या सहा ओळी यायच्या, नव्या सर्व्हरवर तीनच येतात. डेटा गेला का?
– एक वाचक, सांगली

उत्तर: डेटा जागच्या जागी आहे, निर्धास्त राहा. ज्यांचा फोनचा अ‍ॅरे रिकामा किंवा नल (काहीच न भरलेला) आहे, त्यांच्यासाठी अननेस्ट शून्य ओळी देतं. सिलेक्टमध्ये ओळी देणारं एवढं एकच फंक्शन असेल आणि त्याने शून्य ओळी दिल्या, की सभासदाची मूळ ओळही निकालातून जाते. नियमानुसारच होतं, म्हणून एरर नाही. पण फोन नसलेला सभासदही सभासदच, आणि त्याला यादीतून असं गुपचूप वगळणं मला मान्य नाही.

सहा आणि तीनचं कोडं वेगळं. त्या सभासदाचे फोन तीन आणि ईमेल दोन असणार. 9.6 पर्यंत दोन्ही याद्या एकाच वेळी संपेपर्यंत पुन्हापुन्हा फिरवल्या जात, म्हणजे ओळी लसाविइतक्या: तीन आणि दोनचा सहा. चार फोन, दोन ईमेल असते तर चारच आल्या असत्या आणि कुणाला शंकाही आली नसती. 2017 साली आलेल्या 10 व्या व्हर्जनपासून दोन्ही याद्या बरोबरीने चालतात आणि तोकडी पडेल तिथे नल भरला जातो. नवी पद्धत नक्कीच शहाणी, तरी एका ओळीतल्या फोनचा आणि ईमेलचा एकमेकांशी काही संबंध आहे असं समजू नका. पहिला पहिल्याशेजारी आला, इतकंच.

माझा आग्रह एकच: ओळी देणारं फंक्शन सिलेक्टमध्ये नको, फ्रॉममध्ये, म्हणजे टेबलाचं नाव येतं त्या भागात, लिहा. सभासद टेबलापुढे 'लेफ्ट जॉइन लॅटरल अननेस्ट(फोन) ऑन ट्रू' असं जोडा. फोन नसलेल्यांची नावं परत येतील, फोनच्या जागी नल दिसेल. लॅटरल, म्हणजे आधीच्या टेबलाचा रकाना फ्रॉममध्येच वापरू देणारा शब्द, 9.3 पासून आहे, त्यामुळे जुन्या सर्व्हरवरही चालेल. कितवा नंबर हेही हवं असेल, तर 9.4 पासून 'विथ ऑर्डिनॅलिटी' मिळतं.

सिलेक्टमध्येच कोअलेस(अननेस्ट(फोन), 'नाही'), म्हणजे नलच्या जागी दुसरं मूल्य भरणारं फंक्शन, लिहून वेळ मारून नेऊ नका. ओळच नसेल तर कोअलेस भरणार कुठे? शिवाय 10 पासून ते थेट एरर देतं. कोअलेस आत, अ‍ॅरेवर लावलं तरी नल सावरेल, रिकामा अ‍ॅरे तसाच राहील.

फक्त 98 ने सुरू होणारे नंबर हवेत, पण यादीत सभासद सगळे हवेत, अशी वेळ आली तर ती अट व्हेअरमध्ये घालू नका. तिथे नल असलेल्या ओळी अटीत नापास होतात आणि तेच सभासद पुन्हा गळतात. ऑन ट्रूमधल्या ट्रूच्या जागी ती अट लिहा.