गणितात साठ टक्के, आणि जायचंय इलेक्ट्रॉनिक्सला

"मुलीला इलेक्ट्रॉनिक्सच करायचंय. घरी सारखं तिचं वायरी, सोल्डरिंग चाललेलं असतं. पण गणितात दोन वर्षं साठाच्या पुढे सरकत नाही. शाळेतच ही गत, तर कॉलेजात कसं झेपणार? वेळीच दुसरीकडे वळवलेली बरी ना?"

आमच्याकडे सल्ल्यासाठी आलेल्या, सोळा वर्षांच्या एका मुलीच्या वडिलांचा हा प्रश्न. शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांत जवळजवळ याच शब्दांत तो अनेक पालक विचारतात, म्हणून ही केस सविस्तर मांडत आहे. ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.

साठ टक्के या आकड्यावरून मुलीला इलेक्ट्रॉनिक्स झेपेल की नाही हे ठरवता येत नाही. एखाद्या मुलाला मूळ कल्पनाच उमगलेली नसते आणि तो पाठांतराच्या जोरावर साठ काढतो. दुसऱ्याला सगळं समजलेलं असतं, पण कंस सोडवताना चिन्ह चुकतं आणि पुढचं सगळं गणित वाहून जातं. गुणपत्रिकेवर दोघं सारखेच दिसतात. पहिल्याला कॉलेजची वाट खरोखर अवघड जाते. दुसऱ्याची दुरुस्ती काही महिन्यांत होऊ शकते. तेव्हा आधी हे बघायचं की गेलेले चाळीस गुण गेले कुठे.

त्यासाठी मागच्या तीन परीक्षांच्या तपासलेल्या उत्तरपत्रिका मागवल्या. गेलेला प्रत्येक गुण चारपैकी एका रकान्यात टाकायचा: माहीतच नव्हतं; माहीत होतं पण सुरुवात करता आली नाही; रीत बरोबर पण चिन्ह किंवा आकडेमोड चुकली; आणि प्रश्न नीट वाचला नाही, एकक चुकलं किंवा वेळ संपला. हे काम विद्यार्थ्यानेच करायचं असतं. पालकांनी केलं तर ती उलटतपासणी होते आणि मूल बचावाचे पवित्रे घेऊ लागतं. आणखी एक अट असते, 'सिली मिस्टेक' असं कुठेही लिहायचं नाही. नक्की काय चुकलं ते लिहायचं, कारण 'सिली' म्हटलं की चूक किरकोळ ठरते आणि मग ती दुरुस्त करायचं कुणाच्या मनात येत नाही.

तीनशेपैकी ११८ गुण गेले होते. माहीत नसल्यामुळे १७, सुरुवात न जमल्यामुळे २९, वाचन-एकक-वेळ यांत २१ आणि निव्वळ चिन्हं व आकडेमोडीत ५१. वडील बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिले. मुलीला विषय कळत नाही असं ते दोन वर्षं धरून चालले होते. प्रत्यक्षात न कळल्यामुळे गेलेला वाटा सगळ्यांत लहान होता.

ते ५१ गुण पुन्हा उलगडले तेव्हा तीनच चुका फिरून फिरून दिसल्या. पहिली, कंसाआधीचं वजा चिन्ह. ३ − २(क्ष − ४) याचं ती ३ − २क्ष − ८ असं करायची. शेवटी + ८ हवे. ही चूक भौतिकशास्त्राच्या पेपरातही होती. दुसरी, सूत्रातून हवी ती राशी वेगळी काढताना भागाकार एकाच पदाला लावणं. अंतिम वेगाचा वर्ग = सुरुवातीच्या वेगाचा वर्ग + २ × त्वरण × अंतर, यातून अंतर काढायचं तर आधी वजाबाकी करून मग भागायला हवं. ती आधी भागायची, आणि तेही फक्त अंतिम वेगाच्या वर्गाला. तिसरी अपूर्णांकांची. ४ आणि ६ ओहमचे रोध (रेझिस्टर) समांतर जोडले तर १/४ + १/६ = ५/१२ इथपर्यंत बरोबर, आणि उत्तर म्हणून ०.४२ ओहम लिहून मोकळी. ५/१२ हा रोधाचा व्यस्त आहे, तो उलटा केला की २.४ ओहम येतात. दोन रोध समांतर असतील तर उत्तर लहान रोधापेक्षा कमी आणि त्याच्या निम्म्यापेक्षा जास्त असतं (दोन्ही रोध सारखे असतील तर नेमकं निम्मं). म्हणजे इथे २ ते ४ च्या दरम्यान. एवढा ताळा केला असता तर ०.४२ तिथल्या तिथे पकडलं गेलं असतं.

हाच ताळा ती टेबलावर सहज करते, हे लक्षात येण्यासाठी एक साधं काम दिलं: पाच व्होल्टवर एक तांबडा एलईडी लावायचा, कोणता रेझिस्टर घेशील? उत्तर तोंडावर होतं. एलईडीवर दोन व्होल्ट पडतात, उरले तीन, पंधरा मिलीअँपिअर हवेत, म्हणजे दोनशे ओहम, आणि पेटीत असेल तो २२० चा लावायचा. तसंच गणित एका उत्तरपत्रिकेत होतं. तिथे तिने मिलीअँपिअरचं अँपिअर न करता ३ ला १५ ने भागून ०.२ ओहम लिहिलं होतं. टेबलावर तिने ०.२ ओहमचा रेझिस्टर उचललाच नसता. हातात वस्तू असली की उत्तर शक्य आहे का हे ती आपोआप बघते, कागदावर आली की ते बघणं थांबतं. पहिली सूचना यातूनच निघाली: प्रत्येक उत्तराखाली एक ओळ लिहायची, 'हे खऱ्या वस्तूला लागू पडेल का?'

एककांसाठी तिला १९९९ मधली मार्स क्लायमेट ऑर्बिटरची घटना सांगितली. जमिनीवरच्या एका सॉफ्टवेअरने आवेगाचे आकडे पाउंड-सेकंदात दिले, पुढच्या गणिताने ते न्यूटन-सेकंद समजून घेतले, आणि नासाचं ते यान मंगळाजवळ पोचताना नष्ट झालं. तेव्हापासून एकक फक्त शेवटच्या उत्तरापुढे लिहायचं नाही, प्रत्येक ओळीत लिहायचं असं ठरलं. वेळ थोडा जास्त लागतो, पण चूक त्याच ओळीवर दिसते.

सरावाचा आराखडा असा दिला. रोज २५ मिनिटं, कॅल्क्युलेटर बाजूला, बारा गणितं, तिन्ही चुकांची प्रत्येकी चार. एका ओळीत एकच पायरी, कोणतीही पायरी मनातल्या मनात नाही. सलग चार दिवस बारापैकी अकरा बरोबर आली की त्यांतला एक प्रकार काढायचा आणि पुढचा घ्यायचा: घातांक आणि मुळं, एकसामयिक समीकरणं, वर्गसमीकरणं, मग लॉगरिदम आणि त्रिकोणमिती. पहिल्या आठवड्यानंतर प्रकार एकमेकांत मिसळायचे. हे मिसळणं फार महत्त्वाचं आहे. धड्याखालची वीस गणितं एकाच रीतीची असतात, त्यामुळे कोणती रीत वापरायची हा निर्णय मुलाऐवजी धड्याचं नावच घेतं. परीक्षेत ते नाव नसतं आणि गाडी तिथेच अडते.

अशा सरावाचा घात बहुतेक वेळा दोन गोष्टी करतात. पाचव्या-सहाव्या दिवशी मुलाला वाटतं की हे तर लहान मुलांचं गणित, आणि ते सोडून देतं; म्हणून रोजचे बरोबर-चूक आकडे एका कागदावर समोर लावायला सांगावे, म्हणजे अजून चुका होतायत हे त्याला स्वतःलाच दिसतं. दुसरी गोष्ट पालकांकडून होते. सराव सुरू झाला की ते वर एक नवीन क्लास लावतात. या मुलीला आधीच दोन क्लास होते, दोन्हीकडे तेच धडे. त्यातला एक बंद करा असं वडिलांना सांगावं लागलं, आणि ते त्यांना जड गेलं. पण क्लासमध्ये दुसऱ्याने सोडवलेलं उतरवून घेण्यात तास जात होता, आणि तिला कमी पडत होता तो स्वतः सोडवण्याचा वेळ.

'सुरुवात जमली नाही' हा २९ गुणांचा रकाना आकडेमोडीपेक्षा गंभीर आहे, कारण कॉलेजात पुढे हाच मोठा होत जातो. शाळेत ओळखीचे नमुने येतात. कॉलेजच्या पहिल्या वर्षी समोर येणारं गणित अनेकदा पूर्वी कुठेच पाहिलेलं नसतं. मुलीची सवय अशी होती की दोन मिनिटांत सुचलं नाही की सोडवलेल्या गणिताचा व्हिडिओ लावायचा. व्हिडिओ बघताना सगळं पटतं, आणि दुसऱ्या दिवशी कोरा कागद तसाच राहतो. रोडिगर आणि कारपिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगात हेच दिसलं: उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत जास्त आठवलं, पण आठवड्यानंतर न बघता आठवून लिहिण्याचा सराव केलेले पुढे गेले.

म्हणून रोज एक न पाहिलेलं गणित, पंधरा मिनिटं, उत्तर न उघडता. या पंधरा मिनिटांत सुचेपर्यंत नुसतं बसायचं नाही. आकृती काढायची. दिलेल्या राशी एककांसह एका बाजूला, विचारलेली दुसऱ्या बाजूला. लागू पडू शकतील असे नियम नावानिशी लिहायचे. आकडे अवघड असतील तर सोपे घेऊन बघायचं. तरीही अडलं तर उत्तराची फक्त पहिली ओळ बघून वही मिटायची आणि पुढचं स्वतः करायचं. तेच गणित दुसऱ्या दिवशी आणि आठवड्याने कोऱ्या कागदावर पुन्हा. पहिले दोन-तीन आठवडे यात फारसं यश दिसत नाही, आणि हे पालकांना आधीच सांगून ठेवणं बरं.

मुलीच्या आईची काळजी वेगळी होती. मुलगी एकटीच अभ्यास करते, कुणाला विचारत नाही, हे चांगलं की वाईट? शाळेत हा गुण समजतात. पण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले आवारात गणितज्ञ युरी ट्राइसमन यांनी १९७० च्या दशकात कॅल्क्युलसच्या विद्यार्थ्यांचं जे निरीक्षण केलं ते पालकांनी जरूर लक्षात घ्यावं. शाळेत उत्तम गुण मिळवून आलेले काही विद्यार्थी कष्ट करूनही मागे पडत होते, आणि त्यांतले बरेच एकटे अभ्यास करणारे होते. चांगलं करणारे आधी स्वतंत्र सोडवत, मग एकत्र बसून उत्तरं ताडून बघत. ट्राइसमन यांनी मागे पडणाऱ्यांना सोपी उजळणी दिली नाही. अवघड गणितं दिली आणि ती गटात सोडवायला लावली, निकाल सुधारले. त्यामुळे या मुलीला तिघींचा गट करायला सांगितलं, आठवड्यातून एकदा दीड तास. आधी प्रत्येकीने घरी प्रयत्न केलेला असलाच पाहिजे, नाहीतर एक सोडवते आणि दोघी उतरवून घेतात.

हौसेच्या कामाचं काय करायचं, हाही प्रश्न होता. वडील म्हणत होते, वर्षभर वायरी बंद. आम्ही उलट सांगितलं: बंद करू नका, पण अर्धवट पडलेल्या दहा सर्किटांऐवजी एक पूर्ण होऊ दे. तिने अर्दुइनो ऊनो हा प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड आणि एलएम३५ हा तापमानाचा सेन्सर घेऊन तापमान नोंदवणारं यंत्र निवडलं. दर दहा मिनिटांनी एक नोंद, चोवीस तासांत १४४. वहीत तारीख, जोडणीची आकृती, काय बदललं, काय दिसलं. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आकडे जवळपास अर्ध्या अंशाने उड्या मारताना दिसले, तेव्हा सेन्सर खराब आहे असं वाटून ती तो बदलणार होती. त्याआधी गणित करून बघ म्हटलं. बोर्ड मोजताना पाच व्होल्टचे १०२४ भाग करतो, म्हणजे एक पायरी सुमारे ४.९ मिलीव्होल्टची. सेन्सर एका अंशाला १० मिलीव्होल्ट देतो. म्हणजे एक पायरी जवळपास अर्धा अंश. सेन्सर ठीक होता, मोजपट्टीच जाड होती. मग संदर्भ व्होल्टेज, म्हणजे ज्याचे हे १०२४ भाग पडतात ते, पाचवरून १.१ वर आणलं, तेव्हा पायरी साधारण ०.११ अंशावर आली आणि आलेख गुळगुळीत झाला. अपूर्णांक आणि एककं कशाला लागतात, हे त्यानंतर तिला कुणी समजावून सांगायची गरज राहिली नाही. कॉलेजच्या प्रवेशासाठी काम दाखवायची वेळ आली तर अशा वहीची चार पानं डझनभर प्रमाणपत्रांपेक्षा जास्त बोलतात.

मधेच वडिलांनी विचारलं, "मग इलेक्ट्रॉनिक्सऐवजी कॉम्प्युटर घेऊ दे का? त्यात गणित कमी असतं ना?" हा समज बराच पसरलेला आहे आणि त्यापायी मुलं फसतात. कॉम्प्युटर सायन्समध्ये तर्क, संच, मोजणीच्या रीती, संभाव्यता आणि सिद्धता येतात. इलेक्ट्रॉनिक्समध्ये त्रिकोणमिती, संमिश्र संख्या, मॅट्रिक्स आणि डिफरन्शिअल समीकरणं. जीवशास्त्राकडे गेलात तरी संख्याशास्त्र सुटत नाही. गणित टाळता येईल अशी शाखा शोधण्यापेक्षा कोणत्या प्रकारचं गणित मुलीला सुसह्य वाटतं ते बघावं. प्रोग्रॅमिंग मात्र कुठेही गेलं तरी लागतं. पायथनमध्ये लूप, अट, यादी, फंक्शन, फाइल वाचणं आणि आलेख काढणं एवढं शाळेतच आलं तर पहिलं वर्ष हलकं जातं. आपल्या १४४ नोंदींचा आलेख तिने यातूनच काढला.

चार महिन्यांनी झालेल्या तीन परीक्षांत तिची सरासरी ७३ आली. चिन्ह-आकडेमोडीचा रकाना तीनशेत ५१ वरून १४ वर. 'सुरुवात जमली नाही' हा मात्र २९ वरून २२ वरच. हा रकाना हळूहळू हलतो, आणि उरलेलं वर्ष त्याच्यासाठीच ठेवलं आहे: न पाहिलेली गणितं रोज एकाऐवजी दोन, आणि त्रिकोणमिती पक्की झाल्यावर संमिश्र संख्यांची तोंडओळख.

रकाने उलटे असते तर सल्लाही वेगळा दिला असता. 'माहीतच नव्हतं' मोठा असेल तर सरावाने काही होत नाही. ज्या इयत्तेत धागा सुटला तिथे परत जाऊन ते धडे नव्याने शिकावे लागतात, आणि त्याला वर्ष जाऊ शकतं. 'वेळ संपला' मोठा असेल तर वेळ कुठे जातो ते घड्याळ लावून बघावं लागतं. बहुधा तो अवघड गणितात जात नाही, प्रत्येक साध्या पायरीवर थोडा थोडा गळत असतो.

शाखेचा शेवटचा निर्णय अजून झालेला नाही. पदवी आणि प्रत्यक्ष कामावर भर देणारा तंत्रज्ञाचा अभ्यासक्रम, दोन्ही अर्ज भरायचे असं घरी ठरलं आहे. त्याआधी तिने दोन्हींच्या पहिल्या वर्षाच्या अभ्यासक्रमाची आणि जुन्या प्रश्नपत्रिकांची प्रत मिळवायची आहे. सोडवायच्या नाहीत, फक्त वाचायच्या: कोणते प्रश्न निदान काय विचारतायत ते कळतं, कोणते कळतच नाहीत, आणि कोणते वाचून सोडवून बघावेसे वाटतात, अशा तीन खुणा करून यायचं आहे. पुढच्या भेटीत आई-वडील दोघांनाही बोलावलं आहे, आणि बोलणं त्या खुणांवरूनच सुरू होईल.